संशयवादी म्हणजे कोण? आधी रिकामा काटा बघणारा माणूस

२०२४ च्या मे महिन्याचा शेवट. नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू, दुपारी दोन वाजता नागपूरच्या इतवारीच्या गल्लीत कुत्रं पण दिसत नव्हतं, दुकानातला कूलर नुसताच गरम वारा फेकत होता आणि मी एका किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा खोलून बसलो होतो. मोबाईल वाजला. मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट, नागपूर ५६ अंश. खाली धडाधड मेसेज, कोणी म्हणे आता आपण जगात एक नंबर, कोणी म्हणे शहर सोडा बापा, कोणी रस्त्यावर आमलेट करायचा कुठला तरी जुना व्हिडिओ टाकला. मी फक्त एवढंच टाईप केलं, "यंत्र बिघडलं असन." झालं. एका मित्राचा लगेच रिप्लाय, "तुले तं प्रत्येक गोष्टीत शंकाच असते बे. उद्या म्हणशीन सूर्यच नाही."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. कारण मी स्वतःला संशयवादी समजतो, म्हणजे तसा प्रयत्न तरी करतो, आणि लोकांना वाटतं की याचा अर्थ सगळ्याला नाही म्हणणे. वीस-बावीस वर्षं झाली मी वजनकाटे रिपेअर करून राहिलो, तेव्हा उदाहरणं थोडी काट्याचीच येतील, सांभाळून घ्या.

आधी शब्दाचं बघू, कारण मराठीत या शब्दाचं नशीबच खराब आहे. संशयी म्हटलं की डोळ्यासमोर बायकोचा फोन तपासणारा नवरा येतो. शंकेखोर म्हणजे चांगल्या कामात फाटे फोडणारा. आणि कोणी थोडंफार वाचलेलं असलं की गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति', म्हणजे संशय घेणारा नाश पावतो, असं म्हणून तोंडच बंद करतो. पण गंमत बघा, आपल्याकडचं जे न्यायदर्शन आहे, म्हणजे तर्क कसा करायचा याची जुनी शाखा, तिथं ज्या सोळा गोष्टी नीट समजून घ्या म्हणून सांगितलं त्यात प्रमाण (कळायचं साधन) आणि प्रमेय (कळून घ्यायची गोष्ट) यांच्यानंतर तिसरा नंबर संशयाचाच आहे. तिथलं नेहमीचं उदाहरण पण मस्त आहे. संध्याकाळची वेळ, उजेड कमी, लांब काहीतरी उभं दिसतंय, खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही सारखी, हातपाय दिसत नाहीत. ही जी मधातच अडकलेली अवस्था आहे ना, तिला संशय म्हणायचं. आता जो म्हणतो "माणूसच हाय" तो पण घरी गेला आणि जो म्हणतो "हट, खांब हाय" तो पण घरी गेला, तिथं चार पावलं पुढे जाऊन बघणारा एकटा संशयवाला उरला. स्केप्टिक हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही मुळात अर्थ बघणं, तपासून पाहणं असाच आहे, नकार देणं असा नाही.

आता ५६ वर परत येतो, कारण मी तो मेसेज टाकला तेव्हा काही दिव्यदृष्टी नव्हती, साधा हिशेब होता. नागपूरचा माझ्या आठवणीतला सगळ्यात जास्त आकडा ४७.९, २३ मे २०१३ चा, त्या दिवशी आमच्या घरचे कूलरसमोरून हलले नव्हते. अख्ख्या भारताचा रेकॉर्ड ५१, राजस्थानातलं फलोदी, २०१६. आणि जगाचा मानला जाणारा रेकॉर्ड अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा ५६.७, तो पण १९१३ चा आणि त्यावरही जाणकारांचे वाद आहेत. म्हणजे ५६ खरं मानायचं तर आपल्याला एकाच दुपारी हे मानावं लागतं की नागपूरनं स्वतःचा रेकॉर्ड आठ अंशांनी तोडला, देशाचा पाच अंशांनी तोडला आणि जगाच्या रेकॉर्डला हात लावून आलं. आणि खोटं मानायचं तर काय मानावं लागतं? की उन्हात उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रॉनिक सेन्सरचं डोकं फिरलं. मी रोज डोकं फिरलेले सेन्सर बघतो भाऊ, त्यावर पोट चालतं माझं. मला दुसरी गोष्ट स्वस्त वाटली.

पण 'वाटली' एवढ्यावर थांबून चालत नाही, नाहीतर मग मी आणि तो आमलेटवाला सारखेच. म्हणून बाजूचे आकडे शोधले. जिल्ह्यातली दुसरी स्वयंचलित केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. शहरातल्या एकानं ५६ दाखवले, दुसऱ्यानं ५४, आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर ४४. हवा काय गल्लीगल्लीत बारा अंशांनी बदलत नाही. नंतर हवामान खात्यानंही सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ दाखवलं होतं, तिथंही तपासल्यावर तीन अंशांची चूक निघाली.

एवढंच आहे खरं तर. दावा जितका मोठा तितका पुरावा मोठा मागायचा. "आज गर्मी जास्त आहे" म्हटलं तर मी पुरावा मागत नाही, घाम पुरेसा आहे. "आज जगाचा रेकॉर्ड झाला" म्हटलं तर एका स्क्रीनशॉटवर भागत नाही.

आता काट्याचं. आमच्या धंद्यात दरवर्षी काट्याचं पासिंग असतं, वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो. दरवेळी एखादा दुकानदार चिडतोच, "काहून, आमच्यावर भरोसा नाही का? तीस वर्षं झाले दुकान हाय." त्याला समजावून सांगायला मला खूप वर्षं लागली की मी तुला चोर म्हणून नाही राहिलो. काट्याच्या पोटात लोडसेल असतो, धातूचा एक तुकडा, वजन ठेवलं की केसाएवढा वाकतो आणि त्याला चिकटवलेल्या बारीक पट्टीचा रेझिस्टन्स बदलतो, त्यावरून आकडा येतो. आता हा धातू गर्मीत बदलतो, पोतं आपटलं की बदलतो, झुरळ आत गेलं तरी आकडा नाचतो. दुकानदार देवमाणूस असला तरी काटा सरकतो. माणसाचं डोकं पण असंच आहे असं माझं मत झालंय. कोणी खोटं बोलत नसतो, तरी आकडा चुकीचा येतो.

म्हणून काटा हातात आला की पहिलं काम, रिकामा बघायचा. वर काहीच नसताना तो शून्य दाखवतो का? पुष्कळ काटे रिकामेच वीस ग्रॅम दाखवतात. मग एक वजन घेऊन चारही कोपऱ्यात ठेवून बघायचं, मधात बरोबर आणि कोपऱ्यात चूक असा काटा खूपदा सापडतो. आणि वजन आपलं पासिंगवालं पाहिजे, त्याच दुकानदाराच्या घरचं नाही, कारण चुकीच्या वजनानं चुकीचा काटा तपासला तर दोघंही खूश राहतात.

आता ५६ चा मामला निपटल्यावर ग्रुपवर काय झालं ते ऐका, कारण माझ्या मते खरी गोची इथं आहे. ज्या मित्रानं मला सूर्य नाही म्हणशीन म्हटलं होतं तोच दुसऱ्या दिवशी उलटला. म्हणे बघा, आकडा खोटा निघाला, म्हणजे हे हीटवेव्ह-फीटवेव्ह सगळं खोटं आहे, क्लायमेट चेंज पण खोटं, सगळे पैसे खायचे धंदे, मी पण आता संशयवादी. मी डोक्याला हात लावला. एका दुकानाचा काटा खराब निघाला म्हणून कोणी असं म्हणतं का की गहू नावाची वस्तूच नसते? तापमान जगभर हजारो ठिकाणी मोजतात, जमिनीवर, समुद्रात, वरून उपग्रहातून, वेगवेगळ्या देशांचे लोक वेगवेगळ्या यंत्रांनी, ज्यांचं एकमेकांशी पटत पण नाही, आणि तरी सगळ्यांचा काटा एकाच बाजूला झुकतो. १८५० ते १९०० च्या सरासरीच्या तुलनेत २०११ ते २०२० हे दशक साधारण १.१ अंशांनी जास्त गरम होतं. ज्या पद्धतीनं ५६ खोटं ठरलं, म्हणजे शेजारचे आकडे जुळवून बघणं, त्याच पद्धतीनं १.१ खरं ठरतं. पद्धत घ्यायची तर पूर्ण घ्या ना, आपल्याला पाहिजे तिथपर्यंत घेऊन उतरून जाता येत नाही, ती काय आपली बस आहे.

मी त्याला पानठेल्यावर एकच विचारलं, "काय दाखवलं तर तू म्हणशीन की हो, माझं चुकलं?" तो म्हणे काहीच नाही, मला माहीतच आहे. हा फरक आहे बघा. संशयवाद्याच्या खिशात या प्रश्नाचं उत्तर असतं. मी ५६ का मानलं नाही? आजूबाजूच्या केंद्रांनी पण ५४-५५ दाखवलं असतं, तपासणीत सेन्सर ठीक निघाला असता, तर मी गुपचूप मानलं असतं, आणि शहर सोडायच्या लाईनमध्ये पण लागलो असतो. ज्याला कशानेच हलवता येत नाही त्याला नाकारणारा म्हणा, हट्टी म्हणा, दुसरं काही म्हणा.

त्याच पानठेल्यावर आम्ही नंतर एक खेळ खेळलो, तुम्हीही घरी करून बघा. मी म्हटलं, माझ्या डोक्यात तीन आकड्यांचा एक नियम आहे, २-४-६ त्या नियमात बसतात, तुम्ही दुसरे तीन आकडे सांगा, मी फक्त हो किंवा नाही म्हणीन, मग नियम ओळखा. एक म्हणे ८-१०-१२, हो. दुसरा २०-२२-२४, हो. तिसरा १००-१०२-१०४, हो. सगळे एकदम, "सोपं हाय बे, दोन-दोननं वाढणारे." चूक. नियम फक्त एवढाच होता की आकडे चढत जायला पाहिजेत, १-७-९० पण चाललं असतं. पण कोणी ६-४-२ विचारलंच नाही, कोणी १-२-३ पण विचारलं नाही. ही मूळ टेस्ट पीटर वेसन नावाच्या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये छापली आणि तिथंही चांगल्या शिकलेल्या लोकांनी हाच घोळ घातला. आपण आपल्या अंदाजाला 'हो' मिळेल असेच प्रश्न विचारतो. दहा वेळा हो मिळालं की छाती फुगते, आणि प्रत्यक्षात कामाचा असतो तो एक 'नाही'.

आता जरा घरची गोष्ट. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, उमरेडकडे राहायचे. २००२-०३ ची गोष्ट असेल, त्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, जेवण बंद. गावाजवळ एक जण कावीळ उतरवायचा, तिकडे नेलं, मी सोबत. त्यानं मोठ्या बाबांच्या हाताला कसला तरी रस चोळला, काहीतरी पुटपुटला आणि पितळी परातीत पांढरं पाणी घेऊन हात धुवायला लावले. बापा, पाणी पिवळं झालं. पिवळंधम्म. मी विशी ओलांडलेला, दहावीला सायन्समध्ये चांगले मार्क घेतलेला माणूस, माझ्या अंगावर काटा आला. महिन्याभरात मोठे बाबा ठणठणीत.

पुढे नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा एक कार्यक्रम बघितला. नागपूर तसं या कामाचं जुनं ठिकाण, श्याम मानव यांची अखिल भारतीय समिती १९८२ पासूनची इथली. तिथं स्टेजवर त्यांनी हेच करून दाखवलं. आंब्याच्या आतल्या सालीचा रस हाताला लावायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, कावीळ असो नसो. मला तर तिथल्या तिथे राग आला, स्वतःचाच. कारण प्रश्न इतका साधा होता आणि तो मला सुचला नाही. ज्याला कावीळ नाही त्याचे हात धुतले तर पाणी पांढरंच राहतं का? त्या दिवशी परातीसमोर मी उभाच होतो, माझे हात चांगले होते, मी फक्त म्हणायचं होतं की आधी माझे धुवा. रिकामा काटा बघायचा राहून गेला.

मी हे सांगायला धावतच उमरेडला गेलो, आणि मोठ्या बाबांनी शांतपणे विचारलं, "असन ट्रिक. पण मी बरा झालो का नाही?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि मला वाटतं सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे म्हणून थोडं लांबवतो.

दूषित पाण्यातून होणारी जी हिपॅटायटीस ए ची कावीळ असते ती बहुतेक लोकांची काही आठवड्यात आपोआप उतरते, शरीरच तिला काढतं. म्हणजे त्या परातवाल्याकडे शंभर लोक गेले तर बहुतेक बरे होणारच, तो झोपून राहिला असता तरी झाले असते. आणि माणूस जातो कधी? त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा. त्यानंतर उतारच लागायचा असतो, मग उताराचं श्रेय परातीला. सर्दी, पाठदुखी, अंगावरचे चट्टे, सगळ्याचं असंच. जे बरे झाले ते गावभर सांगतात, आणि ज्याची कावीळ पित्तनळीत खडा अडकल्यामुळे होती, किंवा गरोदर बाई जिला हिपॅटायटीस ई होता आणि जिच्यासाठी तो जीवघेणा ठरू शकतो, ते सांगायला येत नाहीत. म्हणून "मी बरा झालो" हा पुरावा खोटा नाही, अर्धा आहे. बाकीचा अर्धा म्हणजे, जे गेले नाहीत त्यांचं काय झालं? दोन्ही गट सारखे घ्या, कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवा म्हणजे धडधाकट लोक एकीकडे जमा व्हायला नको, आणि मग मोजा. औषधांच्या चाचण्या अशाच करतात, आणि जमलं तर रोग्याला आणि मोजणाऱ्याला दोघांनाही सांगत नाहीत की खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला, कारण आशेनं पण आकडा सरकतो.

पण माझं एक चुकलं. मी हे सगळं त्या दिवशी घरभर पाहुणे असताना, मोठ्या आईसमोर, हसत हसत सांगितलं. मोठे बाबा वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. धंद्यात मला हे माहीत होतं की काटा खराब निघाला तर गिऱ्हाइकासमोर बोलायचं नसतं, दुकानदाराला बाजूला घेऊन सांगायचं. घरी विसरलो.

तपासणी करताना समोरच्याला संधी कशी द्यायची याचं मला आवडणारं उदाहरण पुण्याचं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये ज्योतिषाची एक चाचणी केली, सोबत प्रकाश घाटपांडे, सुधाकर कुंटे आणि नरेंद्र दाभोलकर होते. दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेतल्या, शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, त्यांच्या कुंडल्या केल्या आणि मिसळून टाकल्या. ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या, फक्त सांगायचं की ही कोणत्या गटातली. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, त्यातल्या २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं तर ५० येतात. मला यात आकड्यापेक्षा मांडणी भारी वाटते. आधीच ठरलं होतं काय झालं तर पास आणि काय झालं तर नापास. "ग्रहमान कठीण आहे, सांभाळा" असं गोल बोलायला जागाच ठेवली नाही. आणि ज्योतिषी खरे ठरायची पूर्ण संधी होती, ७० टक्के बरोबर आले असते तर नारळीकरांनाच उत्तर द्यायची वेळ आली असती. आता प्रामाणिकपणे हे पण म्हणायला पाहिजे की यातून एकच दावा तपासला गेला, कुंडलीवरून बुद्धी कळते का. लग्न, नोकरी, परदेशगमन यांची वेगळी चाचणी करा, कोणी अडवलं नाही.

त्याच दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पास झाला. तो कायदा पूजेवर किंवा वारीवर नाही, अघोरी प्रकार आणि फसवणुकीवर आहे, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं.

यावरून मला नेहमीचा प्रश्न येतो, मग तू देव मानतो का? मी बायकोसोबत टेकडीच्या गणपतीला जातो, बसतो, बरं वाटतं, यावर मला काही तपासायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडा-पिडेचा पुतळा, मिरवणुकीनं निघते तेव्हा मी पण गर्दीत ओरडतो, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत". तिथं कोणी असं म्हणत नाही की काळी मारबत जाळल्यानं डेंग्यूच्या केसेस इतक्या टक्क्यांनी कमी होतात. म्हणालं तर मी आकडे मागीन, नाही म्हणालं तर मी मस्त वडा-चणे खात मिरवणूक बघीन. दावा असेल तिथं तपासणी. २१ सप्टेंबर १९९५ ला मात्र दावा होता. मी चौदा वर्षांचा, गणपती दूध पितो म्हणून लाईनमध्ये दोन तास उभा, माझ्या हातानं चमचा लावला आणि दूध खरंच कमी झालं. माझे डोळे खोटं बोलले नव्हते. चमचा तिरपा करून दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थरात खाली उतरतं, पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग टाकला आणि ओघळ दिसला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं" म्हणणाऱ्याशी म्हणून मी भांडत नाही, त्यानं बघितलेलं असतं. कमी झालं हे दिसलं, पिलं हे त्यानं जोडलं.

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत सोपं आहे हो. माझी जिरली ती झिरो माईलवर. बाहेरून कोणी पाहुणा आला की मी त्याला तिथं नेणार, चार घोडे दाखवणार आणि छाती फुगवून सांगणार, हा भारताचा एक्झॅक्ट मध्यबिंदू, देशातली सगळी अंतरं इथूनच मोजतात. लहानपणापासून ऐकलेलं. एकदा भाचा सोबत होता, नववीतला, तो म्हणे, "मामा, कशावरून?" मी चिडलो. अख्खं नागपूर म्हणतं, शाळेत शिकवतात, कशावरून काय! बोलता बोलताच लक्षात आलं की आपण त्या काटेवाल्या दुकानदारासारखंच बोलून राहिलो, तीस वर्षं झाले दुकान हाय. मग दोघांनी जवळ जाऊन दगडावरचं वाचलं. तिथं जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क, १९०७ असं आहे, म्हणजे इंग्रजांच्या ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेची खूण, आणि बेंचमार्क ही उंचीची खूण असते, समुद्रसपाटीपासून ही जागा किती वर आहे ते सांगणारी. मध्यबिंदूचा शब्द त्यावर नाही. तिकडे मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावातही भारताचा मध्य म्हणून स्मारक आहे, आणि तसंही देशाच्या वेड्यावाकड्या आकाराचा मध्य कसा काढायचा, बेटं धरायची का, कुठली सीमा धरायची, यावर उत्तर बदलतं. घरी येईपर्यंत मी भाच्याशी बोललो नाही. तो दगड मला आजही आवडतो, शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या काटेकोरपणे उंची मोजली ही पण काही कमी गोष्ट नाही, पण मध्यबिंदू म्हणताना आता जीभ अडखळते.

दीक्षाभूमीजवळ माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, त्यानं मला बुद्धाचा कालामांना केलेला उपदेश सांगितला होता. केसपुत्तचे कालाम लोक बुद्धाला विचारतात की इथं येणारा प्रत्येक गुरू आपलं खरं आणि दुसऱ्याचं खोटं म्हणतो, आम्ही कोणाचं ऐकायचं? तर उत्तरात परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे आपले गुरू आहेत म्हणून मानू नका असं सगळं येतं. लोक इथपर्यंतच सांगतात. पण त्याच यादीत नुसत्या आपल्या तर्काला पटलं म्हणूनही मानू नका असं आहे. म्हणजे बाहेरच्यांवर शंका घेऊन झाली की मग आपली पाळी.

आता कोणी म्हणेल की असं सगळं तपासत बसलो तर पोहे कधी खाणार. बरोबर आहे, तपासायचंच नसतं सगळं. आमच्याकडे सोनाराला वरच्या क्लासचा काटा लागतो, किराण्याला मधल्या क्लासचा चालतो, भंगारवाल्याकडे दहा-वीस ग्रॅमसाठी कोणी मरत नाही. शंकेचं पण तसंच ठेवायचं. तर्रीपोह्याचा कोणता ठेला बेस्ट यावर मी कोणाचंही ऐकतो, चुकलं तर तीस रुपये गेले. जमीन घेताना, ऑपरेशन करताना, महिन्याला दहा टक्के परतावा देणाऱ्या स्कीममध्ये पैसे टाकताना सोन्याचा काटा काढायचा. आणि जे मला स्वतः तपासता येत नाही, लस, पुलाची मजबुती, रक्ताचा रिपोर्ट, तिथं मी शिक्का बघतो. म्हणजे यांना तपासणारं दुसरं कोणी आहे का, दरवर्षी परत तपासतात का, चूक निघाली तर ती बाहेर येते का. विज्ञानावर मी भरोसा ठेवतो तो शास्त्रज्ञ सज्जन असतात म्हणून नाही, ते एकमेकांच्या चुका काढायला टपलेले असतात म्हणून. ज्या बाबाच्या, ज्या कंपनीच्या किंवा ज्या पक्षाच्या माणसांना आपल्याच माणसाची चूक काढायची मुभा नसते, तिथं मी पाकीट खिशातच ठेवतो.

परवाच्या मे महिन्यात भाचा दुकानात आला, शाळेच्या लॅबमध्ये असतं तसं काचेचं थर्मामीटर घेऊन. दुकानाबाहेर शटरला उन्हात लटकवलं आणि दहा मिनिटांनी ओरडला, "मामा, एक्कावन!" मी म्हटलं बावा, हे तू हवेचं नाही, तापलेल्या शटरचं तापमान घेऊन राहिला, वेधशाळेत झडपांच्या पांढऱ्या पेटीत सावलीत ठेवतात. मग मागच्या बोळीत, सावलीत, भिंतीपासून लांब दोरीला बांधलं. ४६. तो खूश झाला, वहीत लिहायला लागला, आणि पेन मधातच थांबवून म्हणे, "पण हे थर्मामीटर बरोबर आहे हे कशावरून?"

मी समोरच्या उसाच्या रसवाल्याकडून ग्लासभर बर्फ आणला, फोडला, थोडं पाणी टाकलं, ढवळलं आणि थर्मामीटर त्यात उभं केलं. वितळणाऱ्या बर्फात शून्य यायला पाहिजे. आम्ही दोघंही वाकून बघत बसलो, पारा उतरत उतरत आला आणि एकवर थांबला. पाच मिनिटं थांबलो, परत ढवळलं, एकच. भाच्यानं वहीतले ४६ खोडले, ४५ लिहिले, त्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं, कारण शून्याजवळची चूक वरती पण तेवढीच असेल हे आम्ही कुठं तपासलं होतं. मी काट्यावर लावायच्या स्टिकरचा एक तुकडा फाडून थर्मामीटरला चिकटवला आणि त्यावर पेननं लिहिलं, "१ वजा करा, बहुतेक."